कूपातले अण्णा

न्यू जर्सी राज्यात रविवारी मोटार विकायला कायद्याने बंदी आहे. शनिवारी संध्याकाळी शोरूमला कुलूप लागतं, ते सोमवारी सकाळी उघडतं. या कायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील. पण तो खास आपल्या सोयीसाठी केला आहे असं मानणारा माणूस मला एकच माहीत आहे. ते माझे आतेभाऊ. सगळं एडिसन त्यांना अण्णा म्हणतं.

रविवारी पोहे खाऊन झाले की अण्णांचा फोन येतो. "येतोस ना?" एवढंच. कुठे ते विचारायचं नसतं. रूट वनच्या कडेला शोरूम आहेत, त्यांच्या आवारात शे-दीडशे गाड्या दवात भिजून उभ्या असतात. सेल्समन घरी झोपलेले. अण्णा गाडी उजव्या हाताला ठेवून सावकाश प्रदक्षिणा घालतात. दारांना कुलूप, म्हणून दोन्ही तळव्यांचा आडोसा करून काचेला नाक लावतात आणि आत बघतात. नाकाचा ठसा उमटलाच तर रुमालाने पुसतात. खिशात मापाची टेप असते. टेपला दुसरं टोक असतं. ते धरायला मी.

"दाराची लांबी घे."

मी घेतो.

"लिहून ठेव. मागच्या वेळी पाव इंच जास्त भरली होती."

"अण्णा, गाडी तीच आहे."

"थंडीने आक्रसली असेल."

हे गेली तेरा वर्षं चाललं आहे.

अण्णांना घ्यायची आहे दोन दारांची स्पोर्ट्स गाडी. इकडे तिला 'कूप' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द कूपे, म्हणजे कापलेली. पूर्वी मोठी बग्गी कापून दोघांपुरती केली, ती कूपे. आपल्याला हा शब्द रेल्वेने शिकवला, फर्स्ट क्लासमधली दोन बर्थची खोली. त्यामुळे 2012 साली अण्णांनी जेवताना जाहीर केलं की मी कूपे घ्यायचं म्हणतोय, तेव्हा वहिनींना वाटलं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं बुकिंग चाललंय. त्या क्षणभर लाजल्यासुद्धा. मग अण्णांनी लॅपटॉप उघडून त्यांना सिलिंडरचा व्यास दाखवला.

आपल्याकडे कूप म्हणजे विहीर, हे अण्णांना मीच एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मग मी दोन विहिरींच्या मधला." तेवढं खरं बोलले.

त्या दोन विहिरी अशा. एक फोर्डची मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, त्या वर्षीच्या नव्या मॉडेलला 420 हॉर्सपॉवर, वजन सोळाशे किलोंच्या वर, मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनणारी. दुसरी टोयोटाची, जी जगभर 86 या नावाने विकली गेली पण अमेरिकेत सायन एफआर-एस म्हणून आली. इंजिन दोन लिटर, ताकद 200, वजन साडेबाराशे किलो, किंमत तेव्हा चोवीस हजार डॉलरच्या आसपास. इंजिन सुबारूचं, आणि गाडी बनतेही जपानमधल्या सुबारूच्याच कारखान्यात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे नाव एकाचं आणि पोर दुसऱ्याचं." अण्णांनी तो मुद्दा नोंदवला नाही.

जपानी लोक तिला हाची-रोकू म्हणतात, आठ-सहा. अण्णा तिला शहाऐंशी म्हणतात. पहिल्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यासही 86 मिलिमीटर आणि पिस्टनची धावही 86, हे सांगताना त्यांचा आवाज आरतीला लागतो तसा लागतो. मस्टँगला ते नुसतं घोडा म्हणतात.

फरक समजावून सांगायची त्यांची एक ठरलेली पद्धत आहे. "अरे, घोडा म्हणजे सांगलीच्या तालमीतला मल्ल. सरळ अंगावर आला की संपलास. शहाऐंशी म्हणजे खो-खोतलं पोर. पळण्यात मल्ल तिला सरळ रेषेत गाठेल, पण खांबाला वळसा घालताना ती कधी निसटली हे त्याला कळणारसुद्धा नाही." ऐकणारा म्हणतो, वा. मग अण्णा विचारतात, "तू कोण घेशील?" आणि तो बिचारा विचारात पडतो, की आपल्याला नेमकं करायचंय काय, कुस्ती की खो-खो. त्याला खरं तर ओक ट्री रोडवर भाजी आणायला जायचं असतं.

आकड्यांत सांगायचं तर उभ्या गाडीपासून ताशी साठ मैलांचा वेग गाठायला घोडा साडेचार सेकंदांच्या आसपास घेतो, जुनी शहाऐंशी साडेसहाच्या आत. फरक दोन सेकंदांचा. त्या दोन सेकंदांच्या बदल्यात अंगावर चारशे किलोला जरा कमी एवढं वजन जास्त. "म्हणजे," अण्णा म्हणतात, "वळणावर प्रत्येक वेळी आपल्या घराण्यातले पाच काका मागच्या सीटवर बसून बाहेर ओढणार." शहाऐंशीचं इंजिन आडवं पसरलेलं, म्हणून गाडीचा भार जमिनीलगत. तिच्या टायरची गोष्ट तर ते आल्यागेल्याला सांगतात. कंपनीने मुद्दाम अरुंद, साधे टायर दिले, प्रियसच्या एका प्रकाराला बसवतात तेच, कारण गाडीने रस्ता घट्ट धरून ठेवू नये, जरा घसरावं, चालवणाऱ्याला खेळता यावं. आता वहिनींची गाडी प्रियसच. हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"टायर जर तेच आहेत, तर गाडी कशाला बदलायची?"

तेरा वर्षांत या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही.

अण्णांचं हे दुखणं अमेरिकेतलं नाही, गावाहून आणलेलं आहे. 1985 साली यामाहाची आरएक्स 100 आली तेव्हा अण्णा सांगलीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शंभर सीसीची, शंभर किलोंच्या घरातली, चावी न लावताही पळेल असं वाटणारी. आणि समोर बुलेट, साडेतीनशे सीसीची, रस्त्याच्या टोकाला असतानाच खिडकीची तावदानं हलवणारी. वडिलांनी सांगितलं, नोकरी लागली की एक घे. नोकरी लागली. अण्णांनी वही घातली. डाव्या पानावर आरएक्स, उजव्या पानावर बुलेट. 1996 मध्ये आरएक्स 100 बनायची बंद झाली तेव्हा वहीची तीन पानं उरली होती. त्या सगळ्या काळात अण्णा वडिलांच्या चेतकवर फिरले. 1998 मध्ये संगणकांच्या वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला आले तेव्हा ती वही बॅगेत होती. मी पाहिली आहे. शेवटच्या पानावर फक्त 'आवाज?' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

वहीची पुढे एक्सेल झाली. त्या शीटमध्ये एकेका गुणाला एकेक रकाना आणि प्रत्येक रकान्याला वजन. पिकअपला वीस टक्के, वळणाला वीस, आवाजाला दहा, मागच्या सीटला पाच, 'लोक काय म्हणतील' याला सुरुवातीला दोन. हे दोन पुढे वाढत वाढत नऊ झाले, कारण मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला एका डॉक्टरने पिवळी कॉर्व्हेट आणली. एकूण बेरीज मात्र अशी काही जमवलेली की दोन्ही गाड्यांत कधी अर्ध्या गुणाहून जास्त फरक पडत नाही. पडलाच, तर अण्णा रात्री बसून टक्के दुरुस्त करतात.

कंपन्यांनीही त्यांना कमी छळलं नाही. पहिल्या दोन वर्षांत पारडं शहाऐंशीकडे झुकत होतं, कारण मस्टँगला मागची दोन्ही चाकं एकाच आसावर होती, बैलगाडीसारखी. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळायचं. अण्णांनी त्याचे चार गुण कापले होते. तेवढ्यात 2015 चं मॉडेल आलं आणि मागच्या चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन मिळालं. चार गुण परत द्यावे लागले. 2016 मध्ये सायन हा ब्रँडच गुंडाळला गेला. अण्णा त्या दिवशी ऑफिसातून लवकर आले. वहिनींना वाटलं सांगलीहून काही बातमी आली. मग त्याच गाडीला टोयोटाचा बिल्ला लागला, आणि शीटमधलं नाव बदलावं लागलं. 2018 मध्ये घोडा 460 वर गेला. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कने ड्रॅग रेसिंग कायमचं बंद केलं. पाव मैलाची शर्यत प्रत्यक्ष बघून मगच पिकअपचे गुण नक्की करायचे असं अण्णांनी ठरवलं होतं. तो ट्रॅक 1965 पासून चालू होता आणि आमच्या घरापासून अर्ध्या तासावर होता. अण्णा वीस वर्षं जाऊ जाऊ म्हणत होते.

पुढे 2022 चं मॉडेल आलं. जीआर 86. इंजिन दोन पूर्णांक चार लिटरचं, ताकद 228. जुन्या गाडीला मधल्या फेऱ्यांत जोर कमी पडायचा, तीन-चार हजार आरपीएमच्या आसपास जरा दम खायची. अण्णा त्याला 'खळगा' म्हणत आणि त्याचा वेगळा रकाना होता. नव्या इंजिनाने खळगा बुजवला. मला वाटलं, आनंद होईल. अण्णा रकाना पुसताना म्हणाले, "दहा वर्षं सांभाळला होता रे."

सांगलीला फोन लावून वडिलांचा सल्ला त्यांनी एकदाच घेतला. माझ्या आत्याचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले. स्पीकरवर मी होतो. त्यांनी दोन्ही गाड्यांचं वर्णन शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ॲव्हरेज?"

अण्णांनी गॅलन-मैलांचं गणित मनात केलं. "जपानी देते लिटरला दहा-साडेदहा. अमेरिकन सात-आठ."

पलीकडे शांतता.

"आमची गाडी पन्नास माणसं घेऊन साडेचार द्यायची," ते म्हणाले आणि फोन आत्याकडे दिला.

टेस्ट ड्राइव्ह हा या कथेतला सर्वांत हिंसक भाग, त्यामुळे तो लवकर उरकतो. एका शनिवारी अण्णांनी घोड्याची चावी घेतली. शेजारी सेल्समन, मागे मी. मागे म्हणजे गुडघे कानाशी. रूट वनला मिळणाऱ्या रॅम्पवर सेल्समन म्हणाला, आता जरा दाबा. अण्णांनी दाबलं. कुठलं इंजिन आणि काय, पोटातून भूकंपासारखा आवाज आला, गाडीने अंग झटकलं, आणि अण्णांनी घाबरून ब्रेक मारला. पुढचे चार मैल आम्ही ताशी 38 मैलांनी, इंडिकेटर चालू ठेवून काढले. सेल्समनची कॉफी त्याच्या टायवर होती. उतरल्यावर अण्णांनी शीटमध्ये लिहिलं: 'पिकअप: पुरेसा.'

शहाऐंशीची परीक्षा वळणावर व्हायला हवी. पण मध्य जर्सी सपाट, ताटासारखी. वळण म्हणाल तर इथे एकच प्रकार मुबलक मिळतो. या राज्यात डावीकडे वळायचं तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं आणि गोल फिरून सिग्नलला यावं लागतं. त्याला जगहँडल म्हणतात. आपण कपाचा कान म्हणू. अण्णांनी तो कान पाटीवर लिहिल्याप्रमाणे बरोब्बर 25 मैलांनी पार केला आणि डोळे मिटून म्हणाले, "काय वळते रे!"

"अण्णा, 25 ला वहिनींची प्रियसही अशीच वळते."

"टायर तेच आहेत ना," ते म्हणाले.

मागच्या सीटची परीक्षा मात्र त्यांनी शास्त्रशुद्ध घेतली. आत्या दर दोन वर्षांनी येते आणि तिला मागे बसता यायला हवं. तिचं वजन 54 किलो. ओक ट्री रोडवर सोना मसुरीची पिशवी 20 पौंडांची मिळते. सहा पिशव्या म्हणजे आत्या. अण्णा सहा पिशव्या घेऊन शोरूमला गेले. दारात कोट घातलेला माणूस हसत पुढे आला आणि पिशव्या बघून थबकला. अण्णांनी त्याला समजावलं की ही माझी आई आहे. मग दोघांनी मिळून तांदूळ आत बसवला. पुढची सीट सरकवून सरकवून अण्णांचे गुडघे स्टिअरिंगला लागले. निष्कर्ष शीटमध्ये आजही आहे: 'तांदूळ बसतो. आई बसणार नाही.' त्या तांदळाचा भात आम्ही दिवाळीपर्यंत खात होतो.

आणि गणपती. गणपतीचा प्रश्न निघेल हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

दरवर्षी अण्णांकडे दीड दिवसाचा बसतो. मूर्ती दुकानातून आणायची, म्हणजे पुढच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर, मागे मुलगी, मी आणि टाळ. 'मंगलमूर्ती मोरया' म्हणायला निदान दोन आवाज तरी लागतातच. दोन दारांच्या गाडीत हे कसं जमणार, असं वहिनींनी सहज विचारलं. अण्णांचा चेहरा उजळला, कारण याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. शहाऐंशीची मागची सीट एका तुकड्यात सपाट होते. गाडी बनवतानाच कंपनीने बघितलं होतं की ट्रॅकवर जाणाऱ्याला चार जादा टायर आणि हत्यारं आत टाकता आली पाहिजेत. चार टायर मावतात, तिथे दीड फुटाची मूर्ती सहज मावेल.

"कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"डिकीत. म्हणजे डिकी आणि सीट मिळून जी जागा होते ना..."

"गणपती डिकीत?"

घरात अगरबत्तीचा वास होता आणि कोणी बोलत नव्हतं. मुलीने हळूच कानात हेडफोन घातले. अण्णा सावरून म्हणाले की मस्टँगची डिकी तशी मोठी आहे. त्यानंतरची दोन मिनिटं मी लिहीत नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा यांना." मी सांगायला तोंड उघडलं, पण टेप माझ्या खिशात होती आणि आमच्या दोघांत कोण कोणाच्या बाजूचं हे जगजाहीर होतं.

बरीच वर्षं मला वाटायचं की अण्णांना निर्णयच घेता येत नाही. ते खरं नाही. एडिसनचं घर त्यांनी एका दुपारी घेतलं. वहिनींचं स्थळ आलं तेव्हा तुलनेला दुसरं स्थळ यायच्या आत होकार कळवला. माझा डिशवॉशर बिघडला तेव्हा कुठला घेऊ म्हणून फोन केला, तर एका श्वासात नाव, मॉडेल, कुठे स्वस्त मिळेल आणि कुठला जादा विमा घ्यायचा नाही, सगळं आलं. मंडळातल्या अकरा कुटुंबांनी अण्णांच्या शब्दावर गाड्या घेतल्या आहेत आणि एकही पस्तावलेलं नाही. दुसऱ्याच्या पैशाने अण्णा वाघ आहेत. शंका येते ती फक्त या दोन गाड्यांपाशी. एकदा मी चिडून विचारलं, तुम्हाला नक्की घ्यायची आहे का? ते दुखावले. "घ्यायचीच आहे," म्हणाले. वहिनींनी मात्र स्वयंपाकघरातून बरोबर निदान केलं.

"ज्या दिवशी एक दारात येईल ना भाऊजी, त्या दिवशी हे दुसरीचं सुतक धरतील."

अण्णांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला मुलीने कमाल केली. दोन्ही गाड्या एकेका दिवसासाठी भाड्याने आणल्या. शनिवारी घोडा, रविवारी शहाऐंशी, म्हणजे टेप नको, काच नको, प्रत्यक्ष चालवून सोक्षमोक्ष. अण्णा आदल्या रात्री झोपले नाहीत. मीही नाही, कारण ते दर तासाला फोन करत होते.

शनिवारी घोडा घेऊन आम्ही टर्नपाइकवर गेलो. वेगमर्यादा 65, पण त्या दिवशी पुढे कुठेतरी अपघात होता आणि डोक्यावरच्या पाटीवर 35 लागलं होतं. चारशेसाठ घोडे आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दीड तास हाकले. क्लच जड. अण्णांचा डावा पाय थरथरायला लागला. शेजारच्या लेनमधून वहिनींसारखीच एक प्रियस दोनदा पुढे गेली.

रविवारी शहाऐंशी घेऊन हॉक्स नेस्टला. हे ठिकाण खरंच बघण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्यात पोर्ट जर्विसच्या पुढे रूट 97 डेलावेअर नदीच्या वर कड्याच्या अंगाने सापासारखा जातो, कडेला दगडी कठडा, खाली नदी. मोटारींच्या जाहिराती इथे काढतात. ते चित्र अण्णांच्या लॅपटॉपवर दहा वर्षं होतं. पहिलं वळण दिसलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, स्टिअरिंग घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरलं, गिअर खाली टाकला. इंजिन चढत्या सुरात गेलं. मलासुद्धा बरं वाटलं.

आणि वळणापलीकडे बस निघाली. जुनी शाळेची बस, मागे ट्रेलर, ट्रेलरवर एकावर एक रचलेल्या दहा-बारा होड्या. नदीत उतरायला निघालेली मंडळी. बस वीस मैलांनी चालली होती. ओलांडायला जागा नाही, मध्ये दुहेरी पिवळी रेघ. मागच्या काचेतून एक लहान मूल आम्हाला हात करत होतं. दुसऱ्या वळणावर अण्णांनीही हात केला. नागमोडी भाग संपला तेव्हा आम्ही एक आख्खा डोंगर त्या होड्यांच्या बुडाकडे बघत पार केला होता. परत फिरून पुन्हा यावं असं मी सुचवलं. फिरलो. परत येताना पुढे कॅम्पर होता.

घरी आल्यावर अण्णा शांतपणे जेवले आणि शीट उघडली. मी खांद्यावरून बघितलं. दोन्ही रकान्यांत एकच शब्द: 'अनिर्णित.' त्यांच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता, तो मी त्यांच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या दिवशीही पाहिलेला नाही.

आता माझी गोष्ट. इतकी वर्षं टेपचं दुसरं टोक धरल्यावर माणसाला काहीतरी होणारच. 2023 मध्ये माझी जुनी कोरोला गेली आणि एका संध्याकाळी मी अण्णांना, जरा चाचरतच, विचारलं की मीच या दोनपैकी एक घेतली तर? मुलं मोठी झाली होती, बायकोची गाडी वेगळी होती. मला वाटलं, आता सहा महिने गेले. अण्णा शेंगदाणे सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "शहाऐंशी घे. मॅन्युअल. हिवाळ्याचे टायर वेगळे घे, मागची चाकं ओढणारी गाडी आहे, बर्फात गोल फिरेल. आणि विम्याचा आकडा आधी काढ, मग बायकोला सांग. उलटं करू नकोस." टरफलं गोळा केली आणि उठले. एकूण वेळ दीड मिनिट.

मी घेतली. निळी. विम्याचा आकडा अण्णा म्हणाले होते त्याहून वाईट निघाला.

तेव्हापासून काही रविवारी कार्यक्रम बदलतो. अण्णा पोहे खाऊन माझ्याकडे येतात. गाडीभोवती प्रदक्षिणा होते. काचेला नाक लावायची गरज नसते, पण सवयीने लावतात, आणि मग रुमालाने पुसतात. नंतर शेजारच्या सीटवर बसतात. मी रूट 27 वरून एक फेरी मारून आणतो. पेट्रोल भरायला थांबलो की खाली उतरायचं नसतं, कारण या राज्यात 1949 पासून स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. पंपावरचा पोरगा बॉनेटवरून हात फिरवत विचारतो, कशी आहे गाडी? मी तोंड उघडायच्या आत अण्णा त्याला मल्ल आणि खो-खो सांगून टाकतात. त्याच्या मागे रांग लागते. घरी परतताना अण्णा हटकून एकदा खिडकीबाहेर बघत म्हणतात, "चांगली आहे. पण तू मस्टँग घ्यायला हवी होतीस."

शीटमध्ये त्यांनी नवीन भाग उघडला आहे, 'प्रत्यक्ष वापर'. डाव्या रकान्यात माझ्या गाडीचे मैल, पेट्रोल, टायरची झीज, आणि बर्फात ती खरोखर गोल फिरली तो दिवस. उजवा रकाना रिकामा आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं अण्णांचं म्हणणं आहे. तेव्हा मध्य जर्सीत कोणी मराठी माणूस मस्टँग जीटी घ्यायच्या विचारात असेल, तर त्याने कृपया कळवावं. रविवारी सकाळी मोकळा असावा. टेप आमची.